‘फाइल नीट केली की होतं’: मस्कत ते सूर, दोन दिवस

सूरला जायचं माझ्या डोक्यात दोन वर्षं होतं आणि मिलिंदच्या डोक्यात कधीच नव्हतं. "समुद्रच बघायचाय ना? मग मत्राला जाऊ, दहा मिनिटांत," हे त्याचं ठरलेलं उत्तर. शेवटी मी आधी हॉटेल बुक केलं आणि मग नवऱ्याला सांगितलं. आमच्याकडे सहली अशाच ठरतात.

हनानला बरोबर घ्यायचं मात्र ऐनवेळी ठरलं. हनान माझी ऑफिसातली मैत्रीण, पॅलेस्टिनी. इथे मस्कतमध्ये, बौशरमधल्या एका कन्सल्टन्सीत आम्ही शेजारी शेजारी बसतो. मी सिव्हिल इंजिनिअर, लोकांच्या बंगल्यांचे नकाशे करते. ती त्यांचे अरबी अर्ज भरते. दोन्ही मिळून फाइल होते, ती बलदियात म्हणजे इथल्या नगरपालिकेत जाते आणि बांधकामाचं परमिट येतं. आठवडाभर हनान डबा न उघडताच घरी परत नेत होती. नवरा सलालाहला ड्युटीवर, घरी एकटी. मी म्हटलं, "चल आमच्याबरोबर, जरा हवा बदलेल." ती म्हणाली, "अनगा, मी सध्या चांगली सोबत नाही." (माझ्या नावातला ‘घ’ तिला पाच वर्षांत जमलेला नाही.) पण मी कुणाचं ऐकते होय!

शुक्रवारी सकाळी सहाला दार्सैतहून, मस्कतमधल्या आमच्या घरून, निघालो. ज्यांना जायचंय त्यांनी उजेड पडताच निघा, कारण दहानंतर ऊन नुसतं भाजून काढतं. कुरियातपर्यंत डोंगर, आणि पुढे समुद्र डाव्या हाताला असा येतो की मिलिंदसुद्धा "वा!" म्हणाला. रस्ता पोटातलं पाणी हलू न देणारा, पण जागोजागी स्पीड कॅमेरे आहेत, तेव्हा वा म्हणताना ॲक्सिलरेटरवरचा पाय सांभाळा. कुरियातला करक म्हणजे इथला कडक दुधाचा चहा आणि अंडं-चीज घातलेली पातळ ओमानी रोटी. तिघांचं मिळून दोन रियालच्या आत. हनानने रोटीचा तुकडा मोडला आणि तसाच कागदात गुंडाळून ठेवला.

पहिला थांबा बिम्माचं सिंकहोल. जमिनीला पडलेलं मोठं गोल भगदाड, तळाशी हिरवंनिळं पाणी, खाली उतरायला पायऱ्या. प्रवेश फुकट. पाण्यात पाय सोडून बसलात की बारके मासे टाचा कुरतडतात. मिलिंद गुदगुल्यांनी ओरडत होता. मी हनानशेजारी बसले आणि विचारलं, "काय झालंय ते सांगणार आहेस का?"

तिने सांगितलं. तिच्या वडिलांचं घर जेरुसलेमच्या पूर्वेकडच्या एका वस्तीत आहे. तळमजला जुना, वडिलांच्या वडिलांपासूनचा. भाऊ यूसुफचं लग्न झालं तेव्हा त्याने वर एक मजला चढवला, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. परमिट नव्हतं. आता तो मजला पाडायचा हुकूम आलाय. रविवारी सकाळी मशीन येणार. मशीन आलं तर त्याचा खर्च यांच्याच माथी, आणि वरचं पाडताना खालचं जपायला कोण बसलंय? खाली म्हातारे आईवडील राहतात. म्हणून यूसुफ शुक्रवार-शनिवार, या दोन दिवसांत मजला स्वतःच उतरवणार होता. तिथे बरेच लोक असंच करतात, म्हणाली. आपलं घर आपणच पाडतात. हिला तर जाताही येत नव्हतं. लग्न होऊन बाहेर पडली तेव्हाच तिथे राहायचा तिचा हक्क गेला.

अशा वेळी माणूस गप्प बसतो किंवा हात धरतो. मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, "अगं, फाइल नीट केली नसेल! नीट केली की होतं. आमच्या पुण्यात गुंठेवारीतली घरंच्या घरं दंड भरून नियमित झालीत. मला पाठव सगळं, मी बघते."

जी बाई रोज माझ्या शेजारी बसून अशाच फायली भरते, तिला मी हे सांगितलं. मिलिंदने पाण्यातून माझ्याकडे असं पाहिलं की दुसरी कुणी असती तर जीभ चावली असती.

"खरंच काही होईल?" हनानने विचारलं.

"होईल म्हणजे? माझी एक फाइल परत आलेली पाहिलीयस का तू?"

ती वर पार्किंगमध्ये गेली आणि दहा मिनिटं फोनवर बोलत होती. परत आली तेव्हा तिचा चेहरा जरा सैलावला होता. गुंडाळून ठेवलेली रोटी तिने गाडीत खाल्ली. मी मिलिंदला कोपराने ढोसलं. बघ, म्हटलं, तुझ्या बायकोचं बोलणं कधीकधी कामाला येतं.

सूरला साडेअकराला पोचलो. हॉटेल समुद्राजवळ, दोन खोल्या, स्वच्छ, गरम पाणी चोवीस तास. सुट्टीच्या दिवशी आधी बुकिंग केलेलं बरं. जुम्म्याच्या नमाजाच्या वेळी दुकानं बंद असतात, तेव्हा पाणी, फळं आधीच घेऊन ठेवा. दुपारी हनानने फाइल पाठवली आणि ती आणि मिलिंद संध्याकाळी किनाऱ्यावर आइस्क्रीम खायला गेली. मी खोलीत एसी लावून मांडी घालून बसले. आता चुका काढायच्या, या तयारीने.

एकही चूक नव्हती. जमिनीचे कागद, मोजणी, नकाशे, छायाचित्रं, वकिलाने केलेला इंग्रजी गोषवारा, सगळं क्रमाने लावलेलं. नकाशांवर एक रेघ इकडची तिकडे नाही. माझ्या हाताखालची मुलं असं काम करतील तर मी देव पाण्यातून काढीन. तीनदा अर्ज केलेला. तिन्हीदा उत्तर एकच: या भागाचा विकास आराखडा मंजूर नाही, त्यामुळे अर्जाचा विचार करता येत नाही. आराखडा कधी मंजूर होणार, तर त्याला उत्तर नाही. आराखडा नाही म्हणून परमिट नाही, आणि परमिट नाही म्हणून घर बेकायदा. तिथे जगातली कुठलीही फाइल चालली नसती. मला घाम फुटला, एसीत.

खिडकीतून किनारा दिसत होता. हनान मिलिंदच्या कुठल्या तरी पाचकळ विनोदावर हसत होती. कितीतरी दिवसांनी हसत होती. मी ठरवलं की आत्ता नको, सकाळी सांगू. तिच्या हसण्यासाठी थांबले असं मी तेव्हा स्वतःला समजावलं. खरं कारण वेगळं होतं. मला तोंड दाखवायची लाज वाटत होती.

शनिवारी सकाळी गलबतांच्या कारखान्यात गेलो. सूरला गेलात तर हे चुकवू नका. लाकडी धौ अजून तिथे हाताने बांधतात. एका अर्धवट गलबताच्या पोटाखाली उभं राहिलं की बरगड्या मोजता येतात. मलबारी सुतार फळी तासत होता आणि मिलिंद त्याला हिंदीत शंभर प्रश्न विचारत होता. हनान माझ्याजवळ आली. "वाचलंस?"

"वाचलं. हनान, फाइल उत्तम आहे. करण्यासारखं काहीच उरलेलं नाही."

तिने फोन काढला, भावाला लावला, दोन वाक्यं बोलली, आणि पलीकडचं ऐकून घेतलं. मग ती माझ्याकडे वळली. आवाज चढवला नाही तिने. चढवायला हवा होता.

"काल सकाळी सहा माणसं आली होती मजला उतरवायला. मी यूसुफला म्हटलं, थांब, इथे माझी मैत्रीण बघतेय, होईल म्हणतेय. त्याने माणसं परत पाठवली. ती आता दुसऱ्या कामावर गेलीत. खलास. आज तो आहे आणि दोन चुलतभाऊ आहेत."

दोन दिवसांतला एक मी खाल्ला होता. आणि काल संध्याकाळीच तोंड उघडलं असतं तर निदान माणसं तरी पुन्हा गोळा करता आली असती. मी "सॉरी" म्हटलं. तिने हात झटकला, जणू माशी.

"ते नंतर. आता हे सांग. खालच्या छताला धक्का न लावता तिघांनी एका दिवसात वरचा मजला कसा उतरवायचा? आधी काय तोडायचं?"

मी इंजिनिअर आहे. बांधायची पद्धत कुणी झोपेतून उठवून विचारली तरी सांगीन. हा प्रश्न मला कुणी कधी विचारला नव्हता.

कारखान्याजवळच एक छोटं हॉटेल होतं, मालक राजापूरचे इस्माईलभाई. मला मराठी ऐकून एरवी आनंद झाला असता. "पुण्याचे काय? मंग सुरमई जरा कमी तिखट करतो!" म्हणाले. मी म्हटलं, "भाई, आधी मोठा कागद द्या." त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि भिंतीवरचं कॅलेंडर काढून एक पान टरकावलं. "घ्या. महिना सरलाच हाय." वर टेबलही पुसून दिलं आणि दुपारपर्यंत कुणाला शेजारी बसू दिलं नाही.

कॅलेंडरच्या पाठीवर मी यूसुफचं घर काढलं, त्याच्याच नकाशांवरून. आणि आकडे घातले. एक, वीज आणि गॅस तोडा, गच्चीवरची पाण्याची टाकी रिकामी करून खाली घ्या. दोन, दारं-खिडक्या. तीन, आईवडिलांना घराबाहेर काढा, आणि तळमजल्यावर छताखाली टेकू लावा, इथे, इथे आणि इथे. चार, वरच्या छताखाली टेकू. पाच, कठडा, आतल्या बाजूने. मग छत अरुंद पट्ट्यांमध्ये, मग तुळया, खांब सगळ्यांत शेवटी. राडारोडा वर साठू द्यायचा नाही, घमेल्याघमेल्याने लगेच खाली. अकरा आकडे झाले. कागदाचा फोटो यूसुफला पाठवला. मी इंग्रजीत बोलत होते, हनान अरबीत सांगत होती, व्हिडिओ कॉलवर यूसुफ मान हलवत होता. तोंडाला रुमाल बांधलेला, डोळे हनानसारखेच. मध्येच त्याची बायको आली आणि काहीतरी म्हणाली.

"विचारतेय, स्वयंपाकघरातल्या फरशा अख्ख्या निघतील का? तिने स्वतः निवडल्या होत्या."

सिमेंटमध्ये बसवलेल्या फरशा अख्ख्या निघत नाहीत, आणि वेळही नव्हता. मी मान हलवली. तिला भाषांतराची गरज पडली नाही.

सुरमई-भात आला, दीड रियालला ताट, आणि सूरला याहून चांगली सुरमई मिळायची नाही असं मिलिंद म्हणतो. मी सांगू शकत नाही. इस्माईलभाईंनी माझ्या आणि हनानच्या ताटाचे पैसे घेतले नाहीत. "तुमी जेवलाच नाय तर पैसे कसले?"

परतताना वादी शाबच्या दरीत थांबायचं ठरलं होतं. बोटीने ओढा ओलांडायचा, माणशी एक रियाल, मग पाऊण तास चालत जाऊन पोहायचं. आम्ही थांबलो नाही, त्यामुळे त्याचं वर्णन दुसऱ्या कुणाच्या ब्लॉगवर वाचा. हनान मागच्या सीटवर फोन कानाला लावून बसली होती. मधूनच ती म्हणायची, "अनगा, सहा झालं," "अनगा, सातव्यात लोखंड कापायला वेळ लागतोय," आणि मी पुढे बसून कागद धरून म्हणायचे, "सातच्या आधी आठ करू नका, यल्ला, भरभर करा म्हणावं, पण क्रम सोडू नका." मिलिंद नव्वदच्या वर गेला नाही. एरवी मी त्याला टोमणे मारले असते.

सोमवारी ऑफिसात हनानने सांगितलं. रविवारी सकाळपर्यंत मजला उतरला. माणसं सुखरूप. दहा आकडे नीट झाले. अकरावा, शेवटचे दोन खांब, उजाडता उजाडता घाईत पाडले, आणि एक आडवा खालच्या छतावर आपटला. आईच्या स्वयंपाकघराच्या छताला भेग गेली. आईवडील आता तिच्या मामाकडे आहेत. एक दिवस जास्त असता तर तो खांबही दोरीने, सावकाश खाली आला असता. हे तिने म्हटलं नाही. हे मला कळतं, माझा धंदाच तो आहे.

लोक विचारतात, सूर कसं वाटलं? छान आहे. जा तुम्ही. रस्ता चांगला, माणसं चांगली, दोन दिवसांत आरामात होतं. मला मात्र त्या सहलीतून एकच गोष्ट कळली. परमिट मिळणं हा मी माझा हुशारपणा समजत होते. माझ्या फायली पास होतात कारण इथे त्या पास होऊ शकतात.

काल हनानच्या वडिलांचा आवाजी निरोप आला, माझ्यासाठी. ते अरबीत सावकाश बोलत होते, ती वाक्यावाक्याला थांबवून सांगत होती. तुमचे उपकार झाले, मुली. तुमचा कागद फार स्पष्ट होता, पोरं कुठेही अडली नाहीत. त्याचा फोटो मी ठेवून घेतलाय. आता खालच्या छताची ती भेग बुजवायची आहे. त्यालाही परवानगी लागते म्हणतात. हनान सांगते तुमच्या हातची फाइल कधी परत येत नाही. तेवढी करून द्याल का?

निरोप संपला. हनान खुर्ची माझ्या टेबलाकडे ओढून बसली आणि तिने पेनाचं टोपण काढलं. मी कोरा कागद घेतला. पास होईल का, हे तिने विचारलं नाही. मीच विचारलं, भेग किती रुंद आहे.