आधी पान, मग वाढप

माणूस चांगला होतो म्हणून देव त्याला नीतिमान ठरवतो, की देव नीतिमान ठरवतो म्हणून माणूस चांगला होऊ लागतो? मी रत्नागिरीत चर्चच्या रविवारच्या शाळेत शिकवत असताना मुलांनी हा प्रश्न विचारला. नीतिमान ठरण्याची व्याख्या मला पाठ होती. ती उमगली मात्र एका पंगतीत.

ऐंशीच्या दशकातला तो ईस्टर. उपासनेनंतर चर्चच्या अंगणात मंडळीचे प्रीतिभोजन होते: मटण, भात, ओल्या काजूची उसळ. माझे धाकटे काका लोटे गावच्या कारखान्यातून सुट्टी काढून आले होते. दारूपायी ते आजोबांच्या अंत्यविधीलाही आले नव्हते. तेव्हापासून वडील त्यांच्याशी बोलत नसत. दारू आता सुटली होती, अबोला मात्र टिकून होता.

काकांनी कोणी न सांगता विहिरीचे पाणी ओढले आणि पंगत बसताच रश्श्याची बादली उचलली.

"अरे, मटण पातेल्यातच ठेवलंस की काय? नुसता रस्साच येतोय!" आत्या ओरडली. काकांनी मान खाली घालून तिला दोन फोडी जास्त वाढल्या.

"भावजी, बसा आता," आई म्हणाली.

"आधी सगळ्यांचं होऊ दे, वहिनी."

"अजून किती वाढलंत म्हणजे तुमचं पान मांडायचं?"

काका वडिलांकडे पाहत राहिले. वडील पानावरून उठले, त्यांनी बादली काढून घेऊन खाली ठेवली आणि सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाले, "हा माझा भाऊ आहे. माझ्याशेजारी पान मांडा."

"दादा, मी..."

"बस. भात निवतोय."

काका बसले. पोटभर जेवले. हात धुतल्यावर तीच बादली पुन्हा उचलली, आत्या पुन्हा ओरडली, तेव्हा म्हणाले, "ताई, तुला रस्साच बरा. दात कुठे उरलेत?"

पुढच्या रविवारी मी वर्गात सांगितले: नीतिमान ठरणे हा देवाचा निवाडा आहे. तो ख्रिस्तामुळे, कृपेने मिळतो आणि विश्वासाने स्वीकारायचा असतो. सदाचरण त्याच्या मागून येते, जसे झाडाला फळ. पंगतीचा हा दृष्टांत अर्थातच अपुरा आहे. वडिलांना केवळ अबोला सोडावा लागला, ख्रिस्ताने प्राण दिला. शिवाय काही ख्रिस्ती परंपरा नीतिमान ठरणे आणि नीतिमान होणे यांची अशी फारकत करत नाहीत.

त्या दुपारबद्दल मी वडिलांचा आणि देवाचा आजन्म ऋणी आहे. परंतु माझी कृतज्ञता हा पुरावा नव्हे. वाचकांनी पवित्र शास्त्र उघडावे आणि मी सांगितले ते खरे आहे का, हे स्वतः पडताळून पाहावे, ही विनंती.