कड्यावरचं झुडूप

आमच्या गंगापूर रोडच्या सोसायटीतले ते गृहस्थ दर रविवारी गच्चीवर फाशांचा खेळ मांडतात. गोष्ट ते सांगतात, त्यातली माणसं आम्ही; सगळ्यांत म्हातारा मी. साधी भिंत चढायची म्हटलं, तरी "थांबा हं, बघू" म्हणत बोटाला थुंकी लावून नियमांचं जाडजूड पुस्तक चाळणार.

परवा माझा शिपाई कड्यावरून घसरला आणि फाशावर पडला एक. म्हणजे नियमानं मेलाच. त्यांनी पुस्तक मिटलं आणि मला म्हणाले,

"राहू द्या काका, झुडूप लागलं हाताला."

मग त्याच कड्यावर त्यांच्या लेकीलाही एकच पडला.

"बाबा, मला पण झुडूप?"

त्यांनी पुस्तक उघडून नियम वाचला. "गेलीस तू."

ती खुशाल दुसरं पात्र लिहायला बसली. मी अजून त्या झुडपाला लोंबकळतोय. त्यांनी मला वाचवलं, की लिंबूटिंबू ठरवलं?