मनकर्णाबाईंनी न मागितलेली सूट

मनकर्णाबाई कापड मिलच्या वाइंडिंग खात्यात, म्हणजे सूत गुंडाळायच्या खात्यात, एकोणतीस वर्षं होत्या. त्यांतली एकवीस वर्षं मी शेजारच्या लूम खात्यात, मागांवर, फिटर होतो. राहायलाही आम्ही एकाच गल्लीत, तांडापेठेत. पुढचं बरंचसं मी स्वतः पाहिलं आहे. उरलेलं त्यांनी सांगितलं, आणि त्या वाढवून सांगणाऱ्यांतल्या नव्हत्या.

वाइंडिंगमध्ये सूत तुटलं की गाठ मारायची आणि गाठीची शेपटी कापायची. घाईत शेपटी ठेवणाऱ्या बायका असतात. त्याचा त्रास पुढे लुमावर होतो, धागा अडकतो, कापड खराब होतं. मनकर्णाबाईंची गाठ मला लुमावर कधी सापडली नाही. त्यांच्याविषयी एवढं सांगितलं तरी माणूस कळावा.

त्यांना एकच मुलगी, नीला. तीन वर्षांची असताना तापात तिचे कान गेले. रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी दोनदा तपासून सांगितलं की आता ऐकू यायचं नाही. पोर बोलायला लागली होती, तेही हळूहळू थांबलं.

आमच्या खात्यात लुमांचा आवाज इतका की शेजारी वाइंडिंगमध्येही कानाशी ओरडलं तरी कळत नसे. सगळं बोलणं हातांनी आणि ओठांनी. चहा, जॉबर म्हणजे मुकादम येतो आहे, सुट्टी मंजूर झाली का, सगळ्याला खुणा होत्या. मनकर्णाबाईंनी त्याच खुणा घरी नेल्या आणि नसलेल्या नव्या केल्या. सहाव्या वर्षी नीला बापाची तक्रार हातांनी करत होती आणि बाप शालिकराम ती मुकाट्याने पाहत होता.

मूकबधिरांच्या शाळेत मनकर्णाबाई तीनदा जाऊन आल्या. जागा नव्हती, नाव यादीत लिहिलं होतं. यादी संपायची वाट त्यांनी पाहिली नाही. दोन गल्ल्या सोडून सरकारी प्राथमिक शाळा होती, तिथे १९६४ साली नीलाला बसवलं. पहिली ते तिसरी गोपिकाबाई शिकवायला होत्या. त्या वर्गावर नजर फिरवून हजेरी भरत. नीला पहिल्या ओळीत टाटपट्टीवर बसायची आणि फळ्यावरचं उतरवायची. तिसरीत तिला वाचता येत होतं, आणि हिशोबात ती वर्गात पुढे होती.

चौथीला गिरिधर गुरुजी आले. माणूस कामाला पक्का. अठ्ठावन्न मुलांच्या शुद्धलेखनाच्या वह्या रोज स्वतः तपासत, लाल शाईने सही करत, खाली तारीख घालत. एवढी मेहनत करणारे फोरमन मी फार पाहिले नाहीत. पण हजेरी ते मान खाली घालून घेत. नंबर वाचायचा, ‘हजर’ ऐकू आलं की खूण, नाही आलं की गैरहजर.

नीलाचा नंबर एकतीस. पहिल्या आठवड्यात शेजारची मुलगी तिच्या वतीने ‘हजर’ म्हणायची. गुरुजींनी तिला उभं केलं आणि दुसऱ्याची हजेरी देणं ही चोरी आहे असं वर्गाला बजावलं. त्यानंतर कोणी बोललं नाही. एकतीस नंबर पुकारला जाई, नीला समोर बसून लिहीत असे, आणि पटावर गैरहजर लागे.

जानेवारी १९६८ मध्ये चौथीच्या केंद्र परीक्षेचे फॉर्म वाटले. नीलाला मिळाला नाही. घरी येऊन तिने आईला हातांनी सांगितलं, सगळ्यांना दिला, मला नाही. ही परीक्षा झाल्याशिवाय पाचवी नव्हती. दुसऱ्या दिवशी मनकर्णाबाईंनी अर्धी रजा टाकली आणि शाळा गाठली.

मुख्याध्यापक मनोहररावांनी पट उघडून दाखवला. एकशे सात दिवस गैरहजर, म्हणून डिसेंबरअखेर नाव कमी केलेलं.

“एकशे सात दिवस पोरगी आली नाही,” मनकर्णाबाई म्हणाल्या, “तर घरी इचारायले कोणी काहून नाही आलं?”

मनोहरराव मग समजुतीच्या सुरात बोलले. अशा मुलीला इथे शिकवता येत नाही, केंद्र परीक्षेत नापास झाली तर शाळेचा निकाल पडतो, आणि सक्तीच्या शिक्षणाच्या कायद्यातच अपंग मुलांना सूट आहे. म्हणजे तिला घरी ठेवलं तरी गुन्हा नाही. मनकर्णाबाईंनी तो कायदा पाहायला मागितला. तो शाळेत नव्हता.

शालिकराम ठेलागाडी ओढायचा. दिवसभर ओझं ओढून आलेल्या माणसाला भांडण नको असतं. तो म्हणाला, “काहून जीव आटवून राहिली वं? वकील व्हायचं आहे का तुले?”

“पोरीपुरती होतो,” त्या म्हणाल्या.

युनियनच्या ऑफिसात कायद्याची पुस्तिका सापडली. छपाई बारीक. मनकर्णाबाई लग्नानंतर प्रौढांच्या वर्गात वाचायला शिकल्या होत्या, अक्षर जोडून जोडून वाचत. पुस्तिका घरी नेता येत नव्हती. मिल सुटल्यावर रोज तासभर तिथे बसून त्यांनी ते एक कलम उतरवलं. चार दिवस लागले. ताळा केल्यावर दोन चुका निघाल्या, तेव्हा कागद फाडून पुन्हा लिहिलं. मी म्हटलं, मतलब कळला ना, पुरे झालं.

“मतलब ज्याचा त्याचा निघते,” त्या म्हणाल्या. “मले शब्द पाहिजे.”

नाव परत घ्यावं असा अर्ज त्यांनी केला, आणि फेब्रुवारीत सिव्हिल लाइन्सला शिक्षण कार्यालयात बोलावणं आलं. तिथे शिक्षणाधिकारी साहेब, मनोहरराव, गिरिधर गुरुजी, मनकर्णाबाई आणि नीला. मी साक्षीदार म्हणून गेलो होतो. मला कोणी काही विचारलं नाही.

मनकर्णाबाईंनी पिशवीतून शुद्धलेखनाच्या चार वह्या काढून टेबलावर ठेवल्या. साहेबांनी गुरुजींना पट वाचायला सांगितला आणि स्वतः वही उघडली.

“सतरा जुलै?”

“एकतीस नंबर गैरहजर.”

वहीत सतरा जुलैचं पान होतं, खाली लाल सही. अठरा जुलै, गैरहजर. वहीत पान, सही. एकोणीस तसंच. दहाबारा तारखा झाल्यावर गुरुजी थांबले. त्यांनी वही हातात घेतली आणि पानं उलटत शेवटापर्यंत गेले.

“सही माझी आहे,” ते म्हणाले. “ही मुलगी रोज येत होती.”

त्यांना सबब सांगता आली असती. वह्या घरून तपासायला आल्या असंही म्हणता आलं असतं. त्यांनी तसं केलं नाही, हे लिहून ठेवलं पाहिजे.

आता मनोहररावांनी सूट देणारं कलम काढलं. मूल अपंग आहे, कायद्यात सूट आहे, शाळेवर सक्ती कशी? साहेबांनाही ते पटल्यासारखं वाटलं. ते मनकर्णाबाईंना म्हणाले की बाई, मुलगी घरी राहिली तरी तुमच्यावर काही कारवाई होणार नाही, निर्धास्त राहा.

मनकर्णाबाईंनी घडी केलेला कागद उघडला. ओळीखाली बोट ठेवून, अक्षर न सोडता, त्यांनी ते कलम वाचलं. वेळ लागला. साहेब थांबले. वाचून झाल्यावर त्यांनी कागद साहेबांपुढे फिरवला आणि बोट एका शब्दावर ठेवलं.

“पालकास,” त्या म्हणाल्या. “सूट पालकाले आहे. शाळेले नाही. पालक मी आहो. मले पाहिजे असती त मी मागितली असती. मी मागितलीच नाही, साहेब.”

साहेबांनी ते कलम स्वतः दोनदा वाचलं. मग कपाटातून पुस्तिका काढून कागदाशी ताडून पाहिलं. काना-मात्रेचा फरक नव्हता.

“बरोबर आहे,” ते म्हणाले. “ही सूट तुमची. ती दुसऱ्या कोणाला घेता येत नाही.”

गिरिधर गुरुजींनी एकच अडचण मांडली आणि ती खरी होती. अठ्ठावन्न मुलांत मान वर करून प्रत्येक तोंड शोधायचं तर पहिला तास त्यातच जाईल. मनकर्णाबाईंनी विचारलं, आमच्या मिलमध्ये हजारावर माणूस आहे, तिथे कोण नावं पुकारतो? येणारा आपला नंबराचा बिल्ला फळीवरच्या आपल्या खिळ्याला अडकवतो. टाइमकीपर रिकामे खिळे पाहतो आणि गैरहजर लिहितो.

“मुकाही हजर लागते अन् बोलकाही,” त्या म्हणाल्या. “बोलका जास्त हजर लागत नाही.”

साहेब हसले, आणि हुकमात तेही लिहून घेतलं. नाव मूळ नंबरावर परत घ्यावं, हजेरी दुरुस्त करावी, परीक्षेचा फॉर्म त्याच दिवशी भरावा.

बिल्ले मी कापले. तेलाच्या डब्याचा पत्रा, अठ्ठावन्न तुकडे, सगळ्यांच्या कडा कानशीने घासलेल्या, कारण मुलांची बोटं कापतात. गुरुजींनी पटावरच्या एकशे सात नोंदी एकेक करून लाल शाईत दुरुस्त केल्या आणि प्रत्येकीपुढे सही केली. एकच आडवी रेघ मारून खाली एक सही केली असती तरी चाललं असतं. दोन दिवस लागले त्यांना.

एप्रिलमध्ये परीक्षा झाली. तोंडी प्रश्न गुरुजींनी फळ्यावर लिहावेत अशी परवानगी त्यांनी स्वतः केंद्रावर जाऊन आणली. नीला पास झाली. गणितात शंभरापैकी अठ्ठ्याऐंशी. निकाल कळला त्या दिवशी शालिकरामने ठेला भर रस्त्यात उभा केला आणि ओळखीच्या-अनोळखीच्या माणसांना अठ्ठ्याऐंशी, अठ्ठ्याऐंशी सांगत राहिला. मागच्या टांगेवाल्याने शिव्या दिल्या, तर त्यालाही सांगितलं.

जुलैत मनकर्णाबाई तिला पाचवीत घालायला मोठ्या शाळेत घेऊन गेल्या. ती शाळा दूर, तिथे आम्हाला कोणी ओळखत नव्हतं. दाखला पाहून तिथल्या मुख्याध्यापिका पार्वतीबाईंनी नीलाला नाव विचारलं. नीला त्यांच्या ओठांकडे पाहत उभी राहिली, मग टेबलावरची पेन्सिल उचलून कागदावर नाव लिहिलं.

“हिला ऐकू येत नाही?” पार्वतीबाईंनी विचारलं.

“नाही,” मनकर्णाबाई म्हणाल्या. “समोर बसवा. अन् लिहा नाव.”

पार्वतीबाईंनी लिहिलं.