कासाबाईची कुलपं आणि खताचं गोदाम

कासाबाईचा माझ्यावरचा राग अजून गेलेला नाही, आणि तो जावा असं मी तिला कधी म्हटलेलंही नाही. तिची कुलपं तिच्या घरातून मीच नेली होती. माझं नाव सुकेशनी. ताडकळसच्या एका वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याचं काम मी करते.

कासाबाई चुडाव्याजवळच्या एका वस्तीवर राहते. वय साठीच्या पुढं. धनगराचं घर. नवरा बिरू अजून पन्नासेक मेंढरं घेऊन रानात जातो, सून शीला मजुरीला जाते. या घराच्या मधल्या खोलीत, भिंतीपासून हातभर लांब, विटांवर उचलून ठेवलेल्या तीन पत्र्याच्या पेट्या आहेत. त्यांत कुलपं. पितळी, लोखंडी, मुठीएवढी, बोराएवढी, फिरकीच्या किल्लीची, किल्लीचं भोक झाकणाखाली लपवलेली, निजामाच्या काळातली उर्दू अक्षरं कोरलेली. दीडशेच्या वर.

हा नाद तिला लागला तो संतापातून. ती दहा-अकरा वर्षांची असताना तिचे वडील मुंजाजी यांनी एका मोठ्या शेतकऱ्याच्या रानात मेंढरं बसवली होती. सकाळी त्या शेतकऱ्याची धान्याची कोठी उघडी सापडली. ज्यांच्या पालाला दारच नाही त्यांच्यावर पहिला आळ. मुंजाजीला चावडीपुढं दुपारपर्यंत उन्हात बसवलं, पोरीदेखत दोन थोबाडीत मारल्या. मग मालकाच्याच भावानं कोठीचं कुलूप लावून सहज ओढून पाहिलं, तर ते हातात उघडून आलं. आतली पट्टी गंजून झिजली होती. कोठीतलं एक पोतंही कमी झालेलं नव्हतं.  मालकानं कुलूप उकिरड्यावर भिरकावलं आणि मुंजाजीला म्हणाला, चल, जा आता. कासा गेली आणि ते कुलूप उचलून घेऊन आली.

तेव्हापासून गंज हा शब्द ती एखाद्या वैऱ्याचं नाव घ्यावं तसा घेते. कुलूप गंजलं की त्याचं पाप दुसऱ्याच्या माथी बसतं, असं तिचं म्हणणं. भंगारवाल्याकडून, बाजारातून, किल्ली हरवलेल्या लोकांकडून ती कुलपं आणत गेली. एकदा तर नवी कोरी घोंगडी देऊन एक तुरुंगातलं म्हणतात ते कुलूप आणलं. बिरू चार दिवस तिच्याशी बोलला नव्हता.

सांभाळायचं कसं हे तिला कुणी शिकवलं नाही. आधी नासलं, मग कळलं. सुरुवातीला पेटी मेंढवाड्याला लागून असलेल्या झोपडीत होती. एका पावसाळ्यात पितळी कुलपं निळीहिरवी पडली. मेंढरांच्या मुताचा तिखट वास पितळाला खातो, हे तिच्या ध्यानात आलं. पेट्या तिथून हलल्या त्या कायमच्या. लोखंड वेगळं, पितळ वेगळं. कुलूप कधी बंद करून ठेवायचं नाही, कडी उघडी सोडायची, कारण बंद कुलपात दम कोंडतो. किल्लीच्या भोकात तेल घालायचं नाही. तेलावर धूळ बसते आणि त्याचा चिकट गाळ होतो. तिथं पेन्सिलीच्या शिशाची बारीक पूड फुंकायची. वरून मात्र लोकरीची चरबी. न धुतलेली लोकर पाण्यात उकळायची, थंड झाल्यावर वर साय धरते ती काढायची, फडक्यातून गाळायची. आपल्या मेंढराच्या पाटीभर लोकरीतून जेमतेम चमचाभर निघते. ती इतकी पातळ लावायची की बोट सरकू नये. मग जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळायचं. वर्तमानपत्र नको, प्लॅस्टिक नको. पेटीच्या कोपऱ्यात झाकणाला भोकं पाडलेला डबा, त्यात कळीचा चुना, हवेतली ओल प्यायला. चुना फुटून पीठ झाला की बदलायचा.

हे सगळं मी लिहून घेतलं होतं. म्हणून तर माझी चूक मोठी.

आमच्या वाचनालयाचे अध्यक्ष दिनकरराव. गावात त्यांचं खताचं दुकान आहे. सतरा सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनाला, जुन्या वस्तूंचं प्रदर्शन भरवायचं त्यांच्या मनात आलं आणि त्यांनी मला कासाबाईकडं पाठवलं. दोन वेळा ती नाही म्हणाली. तिसऱ्यांदा मी म्हटलं, मावशी, शाळेतल्या पोरी बघतील, काचेच्या कपाटात राहतील, आठ दिवसांत मी स्वतः परत आणून देते. तिनं नव्वद कुलपं निवडली. चांगलीतली चांगली. पेट्या उचलताना ती माझ्याकडं बघून म्हणाली, "तुज्या शब्दावर देयलेय. त्या माणसाच्या न्हाई."

प्रदर्शन छान झालं. दिनकररावांचा फोटो पेपरात आला. आठव्या दिवशी मी गाडीचं विचारलं, तर म्हणाले जीप मिळाली की पाठवू. त्यानंतर चार दिवसांनी माझ्या वडिलांचं दुखणं निघालं आणि मी पाथरीला गेले ती दीड महिना. तिथून मी फोन केला होता. कुलपं सुरक्षित आहेत, असं दिनकरराव म्हणाले. परत आल्यावर पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. मी विश्वास ठेवला. एकदा डोळ्यांनी बघून यावं हे मला सुचलं नाही, की सुचूनही मी टाळलं, हे आता मला सांगता येणार नाही.

नोव्हेंबरच्या शेवटी कासाबाईच आली. बिरूला घेऊन, खासगी जीपनं, वाचनालयाच्या दारात उभी राहिली. आत यायला तयार नव्हती. कुलपं कुठं आहेत एवढंच विचारलं. मी दिनकररावांच्या दुकानात गेले. तिथं कळलं, पेट्या कुठल्याशा कार्यक्रमाच्या सामानासाठी लागल्या म्हणून कुलपं पोत्यांत भरून मागच्या गोदामात टाकली आहेत.

गोदामाचं शटर वर गेलं आणि तो वास आला. डोळ्यांत पाणी आणणारा. युरियाच्या थप्प्या पत्र्यापर्यंत लागलेल्या, काही पोती फुटलेली, परतीच्या पावसाचं पाणी आत शिरून खाली वाळलेलं. कासाबाई उंबऱ्यातच थांबली. आत बघायच्या आधीच तिला कळलं होतं. मेंढवाड्याचा वास होता तो, शंभर पटीनं.

खताच्या रिकाम्या पोत्यांत कुलपं होती. लोखंडी एकमेकांना चिकटून लाल गोळा झालेली. पितळी निळी पडलेली. तिनं आत येऊन, खाली बसून एक उचललं, पदरानं पुसलं, तर पितळाला केसासारख्या भेगा गेलेल्या. दुसरं उचललं, त्यालाही. उर्दू अक्षरांच्या कुलपाची कडी तिनं हलकेच ओढली, तर कुलपाचं अंगच दुभंगलं. बिरू मागं फिरला आणि बाहेर जाऊन उभा राहिला.

दिनकरराव आले. आधी त्यांनी गड्याला दोष दिला. मग पावसाला. मग म्हणाले, "कासाबाई, जुनी वस्तू म्हटल्यावर गंज असायचाच. गंजामुळंच तर ती जुनी दिसती."

कासाबाई उठली. तिचा आवाज चढला नाही, म्हणून मला जास्त भीती वाटली. "ह्यो गंज जुना न्हाई," ती म्हणाली. "अडीच मयन्याचा हाय. अन् ह्यो तुमचा हाय."

दिनकररावांनी समजुतीच्या सुरात सांगितलं की नव्या कुलपांचं अख्खं खोकं घरपोच पाठवतो, चांगल्या कंपनीची. मला वाटलं ती आता हातातलं कुलूप त्यांच्या तोंडावर मारील. तिनं ते फक्त घट्ट धरलं. मग माझ्याकडं वळली आणि इतकंच म्हणाली, "तू लिवून घेतलं हुतंस."

 मीच पोती बांधली, मीच जीपमध्ये चढवली. त्या दिवशी मला दिनकररावांचा आला त्याहून जास्त संताप माझा आला.

पुढच्या रविवारी मी तिच्या वस्तीवर गेले. तिनं ये म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. पुढ्यात एक कुलूप ठेवलं आणि रॉकेलचं भांडं सरकवलं. लोखंडी कुलपं रात्रंदिवस रॉकेलात बुडवून, मऊ दातवणाच्या काडीनं घासून, किल्ली एका वेळी तांदळाच्या दाण्याएवढी फिरवत आम्ही सोडवत गेलो. तारेचा ब्रश मी एकदा हातात घेतला तर तिनं तो हिसकावून अंगणात फेकला. पितळी कुलपं आधी साध्या पाण्यानं पुन्हा पुन्हा धुतली, म्हणजे खताचा अंश राहू नये, मग उन्हात कडकडीत वाळवली. हात चालू असताना ती बोलायची. दिनकररावांवर, चावडीवर, त्या कोठीच्या मालकावर, माझ्यावर. सगळे राग एकाच दमात. शीला मला हळूच म्हणाली, बोलतेय ते बरं हाय, आधी चार दिवस जेवत नव्हती. आठ-नऊ रविवार असे गेले. बासष्ट कुलपं वाचली. अठ्ठावीस गेली, त्यांतली बहुतेक पितळी.

जानेवारीत दिनकररावांनी निरोप पाठवला. सव्वीस तारखेला वाचनालयात कासाबाईचा सत्कार, शाल-श्रीफळ. मला वाटलं ती जाणार नाही. ती आली. धुवट लुगडं, कपाळाला मोठं कुंकू, कनवटीला काहीतरी. दिनकररावांनी भाषणात तिला आपल्या भागाचं भूषण म्हटलं. शाल पांघरायला ते पुढं झाले, तेव्हा तिनं कनवटीचं सोडून त्यांच्या हातावर ठेवलं. दुभंगलेलं पितळी कुलूप होतं. माईक जवळच होता.

"ह्ये तुमच्या गोदामात मेलं," ती म्हणाली. "हितंच ठिवा. कागदावर त्याचं नाव लिवा, कुटं मेलं ते लिवा, अन् खाली तुमचं नाव लिवा. माजी शाल त्यातच आली."

ती मंचावरून उतरली आणि बिरूसोबत निघून गेली.  दिनकरराव हसल्यासारखं करून पुढच्या कार्यक्रमाकडं वळले, कुलूप तसंच हातात.

संध्याकाळी ते टेबलाच्या खणात टाकलेलं मला सापडलं. मी कार्ड लिहिलं. कुलपाचं वर्णन, वर्ष, खताच्या गोदामात ओलीनं आणि वासानं नष्ट, आणि जबाबदार माणसाचं नाव. खाली माझंही लिहिलं. काचेच्या कपाटात लावलं. दिनकररावांनी ते दोनदा काढून टाकलं, मी दोनदा पुन्हा लिहिलं. तिसऱ्यांदा त्यांनी मला खोलीत बोलावून नोकरीचा विषय काढला. मी म्हटलं, काढा, पण मग हे कार्ड मी बाजाराच्या दिवशी हातात धरून तुमच्या दुकानासमोर बसेन. त्यानंतर ते त्या कपाटाकडं बघत नाहीत. कार्ड आहे.

कासाबाई आता एकही कुलूप बाहेर देत नाही. परभणीहून एका कॉलेजच्या मुली मध्यंतरी आल्या होत्या, प्रदर्शनासाठी दहाच द्या म्हणत होत्या. तिनं त्यांना ओसरीवर बसवलं आणि दोन तास कुलपं दाखवली, एकेक उघडून, आतली पट्टी बोटानं हलवून. एका मुलीनं विचारलं, आजी, तुमी एवढ्या चिडून का बोलायलाव. कासाबाईनं हातातलं कुलूप धोतराच्या तुकड्यात गुंडाळलं आणि पुढचं काढलं.

मुली गेल्यावर मी निघाले. दारात तिनं मला थांबवलं. मला वाटलं काहीतरी बरं बोलेल. ती म्हणाली, पितळाच्या पेटीतला चुना पीठ झालाय, येताना घेऊन ये, आणि गेल्या वेळी आणलेला ओला होता, बघून घेत जा.