जावयाचा कोरल आणि माझी डॉक्टरकी

तीस वर्षं कृषी सहायक म्हणून मी गोंदियाकडच्या गोरेगाव तालुक्यातल्या धानाचे रोग ओळखले. त्यामुळे समुद्रातला एक प्राणी माझ्या घरी आजारी पडला, तेव्हा त्या प्राण्याखेरीज कुणालाच काळजी वाटली नाही.

प्राणी आमच्या जावयाचा. निखिलराव नागपूरला बँकेत असतात. दोन महिन्यांच्या ट्रेनिंगला जाताना त्यांनी आपली काचेची पेटी आमच्या बैठकीत आणून मांडली. पेटीत खारं पाणी, खडक आणि खडकावर एक कोरल. (मऊ जातीचा. जाड देठ, वर पसरट टोपी, टोपीवर शेकडो बारीक बोटं, पाण्यात सारखी हलणारी.) बायको बघूनच म्हणाली, "अवो, हे तं सात्यावानी दिसते!" पावसाळ्यात वारुळावर उगवणाऱ्या सात्यांची, म्हणजे अळंब्यांची, भाजी तिच्या फार आवडीची. मी तिला आधीच बजावून ठेवलं की याची भाजी होत नाही.

निघताना आमची पल्लवी हळूच म्हणाली, "बाबा, अंगठ्याएवढा होता तेव्हापासून वाढवलाय त्यांनी. माझ्याही आधीपासून. सांभाळा हं."

आता थोडं मागचं सांगायला हवं. लग्न ठरताना मी या मुलाला विचारलं होतं, "किती दिवसांचे पऱ्हे झाले म्हणजे धानाची रोवणी करतात?" (पऱ्हे म्हणजे धानाची रोपं.) त्याला सांगता आलं नव्हतं, आणि मी ते चारचौघांत हसून हसून सांगितलं होतं! म्हणजे या वेळी परीक्षा माझी होती, आणि पेपर बैठकीतच मांडलेला होता.

तीन आठवडे बरे गेले. चौथ्या आठवड्यात बोटं आत गेली, टोपी आक्रसली आणि तिच्यावर मेणासारखा चकचकीत पापुद्रा आला. मी चष्मा लावला, टॉर्च मारला आणि निदान केलं, "करपा!"

"पाण्यात करपा?" बायको.

"तुले काय समजते?" मी.

करप्याचं औषध पेटीत टाकण्याइतका मी मूर्ख नव्हतो. (बाटलीचं झाकण उघडलं होतं, एवढंच.) मग निदान बदललं. अन्नद्रव्यांची कमतरता! जावयानं चिमूटभर द्यायला सांगितलेला खुराक मी मूठभर केला. दोन दिवसांत काचेवर असं शेवाळ चढलं की कोरल शोधायला काच खरवडावी लागे. मग वाटलं, उजेड जास्त होतोय. रोपवाटिकेवर टाकतात ती हिरवी जाळी आणून पेटीवर बांधली. कोरल आणखी वाकला. पल्लवीचा व्हिडिओ कॉल आला की मी मोबाइल स्वतःच्या तोंडासमोर धरून गोंदियाचं हवामान सांगत बसायचो.

"बाबा, कोरल दाखवा ना!"

"झोपला आहे," मी म्हणालो. दुपारी साडेबाराला!

तेवढ्यात कामठ्याहून दादा आला. माझा मोठा भाऊ, जन्माचा शेतकरी. पेटीसमोर उकिडवा बसला आणि म्हणाला, "पाणी कोणतं टाकून राहिला?"

"खारं. जावयाच्या पुडीतलं मीठ कालवून, दररोज. मे महिना आहे, तांब्याभर आटते."

"मंग गोडं टाक ना बापा. बोडीचं आणून देऊ का?"

बोडी म्हणजे आमच्या शेतातलं छोटं तळं. मी इतका हसलो की ठसका लागला. "दादा, हा समुद्रातला जीव आहे! समुद्रात बोडी रायते का?"

"बरं बापा, तू साहेब," दादा म्हणाला आणि चहा पिऊन गेला.

दुसऱ्या दिवशी कोरल आडवा पडला. आता मात्र माझं हसणं पळालं. चार वर्षं वाढवलेला जीव, आणि मी चार आठवड्यांत झोपवला. जावयाला काय तोंड दाखवू? मी पेटीसमोर खुर्ची टाकून बसलो आणि जेवायलाही उठलो नाही. शेवटी बायको आली, तिनं पाण्यात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

"थू! हे तं लोणच्याच्या खारापरीस खारट झालं!"

"समुद्राचं पाणी खारटच असते."

"अवो, वरण आटलं का खारट होते का नाई? पाणी उडून जाते. मीठ कोठी जाते जी?"

मी चष्मा काढून पुसू लागलो.

"मंग तुमी रोज नवीन मीठ कायले घालून राहिले? जावयानं कागदावर काय लिहून ठेवलं होतं?"

कागद काढला. 'पाणी कमी झालं की साधं पाणी टाका.' त्यातल्या 'साधं'वर लाल रेघ, आणि वर माझ्या वळणदार अक्षरात 'खारं'. (पोरगा घाईत चुकला असेल असं वाटून मी पहिल्याच दिवशी दुरुस्ती केली होती. खाली सहीसुद्धा!) खारटपणा मोजायचं यंत्र जावयानं दिलं होतं, पण महागाची वस्तू म्हणून मी ते कपाटात कुलूपबंद ठेवलं होतं. जमिनीत क्षार कसे साचतात यावर गावोगाव भाषणं देत फिरलेला माणूस मी!

लाजेनं मी थेट बादलीभर साधं पाणी ओतायला निघालो. बायकोनं हात धरला.

"एकदम कायले? आजारी माणसाले पहिल्याच दिवशी पुरणपोळी चारता का?"

मग तिच्या हुकमानं सकाळी एक तांब्या खारं पाणी काढायचं, एक तांब्या साधं घालायचं. संध्याकाळी पुन्हा तेच. यंत्रातून तीच बघायची. माझ्याकडे शेवाळ घासायचं काम. बारा-तेरा दिवसांनी तो पापुद्रा कातीसारखा सुटला आणि खालून एक बोट बाहेर आलं. मग दुसरं, मग दहा! मला खरंच रडू आलं. बायको म्हणाली, "पेटीपासून दूर व्हा जी, डोळ्यातलं मीठ पडंल."

निखिलराव आले. बराच वेळ बघत बसले. "वा, वाढलाय की! काही त्रास दिला का, मामाजी?"

"किरकोळ," मी म्हणालो.

ते किरकोळ बायकोनं अर्धा तास सांगितलं. जावई हसले नाहीत, त्याचंच मला जास्त लागलं. शेवटी म्हणाले, "आमचं नवीन घर होईपर्यंत याला इथंच राहू द्या. पाणी मामी बघतील." माझा उतरलेला चेहरा पाहून त्यांनी पेटीवर नवा दिवा बसवला आणि म्हणाले, "दिव्याची जबाबदारी तुमची, मामाजी. सकाळी बरोबर दहाला हे बटण दाबायचं."

महिनाभर मी एक दिवस चुकलो नाही. दहाला बटण दाबलं की लखकन उजेड! मग एकदा कामठ्याला मुक्काम पडला. सव्वादहाला आठवण झाली. घरी फोन लावला.

"अवं, दिवा लाव! दहा वाजून गेले!"

"लागला जी. रोज आपोआपच लागते. टायमर आहे त्याले."

"आन् मी दाबतो ते बटण?"

"ते कायलेच जोडलं नाई. निखिलरावानं मले सांगतलं होतं. तुमाले बरं वाटावं म्हणून ठेवलं."

मी हे मुळीच मनाला लावून घेतलं नाही. बटण मी अजूनही रोज दहाला दाबतो. फक्त आधी बैठकीचं दार लावून घेतो.