एका घरचा वास

कॉलेजच्या शिपायाचा फोन आला तेव्हा मी भाकरी थापत होते. "म्याडम, सर शिकवता शिकवता खालीच बसलेत, तुमी या," एवढंच म्हणाला बिचारा. मी पोचेपर्यंत सगळं संपलं होतं... पाटोद्याच्या त्या कॉलेजात माझे यजमान आयुष्यभर प्राणिशास्त्र शिकवत होते. सगळं गाव त्यांना सर म्हणायचं आणि ऐकून ऐकून मीही सरच म्हणू लागले. नवऱ्याला सर म्हणते म्हणून मैत्रिणी मला हसायच्या. हसू देत. आता हाक मारायची म्हटली तर मारू कुणाला?

सरांचं घर मेंढपाळाचं. माझं माहेर आष्टीचं, वडिलांचं कापडाचं दुकान, त्यामुळं सासरी पहिल्याच दिवशी मेंढरांच्या वासानं मला मळमळून आलं. त्यात त्यांचं कुत्रं. मी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं की अंगावर धावून यायचं. मी रडकुंडीला आले तेव्हा सासूबाईंनी आपली घोंगडी माझ्या अंगावर टाकली आणि म्हणाल्या, "ही पांघरून नीज, अन् आजपून माझ्याच ताटात जेव. मग बघ कुत्रं कसं गप बसतंय." आणि खरंच, काही दिवसांत तेच कुत्रं शेपूट हलवत माझ्या पायात घोटाळू लागलं. तुमच्या आईला जादूटोणा येतो, असं मी सरांना म्हटलं तर ते हसले आणि मला मागच्या परड्यात मुंग्यांचं वारूळ दाखवायला घेऊन गेले. नव्या नवरीला दाखवायला त्यांना दुसरं काही सुचलं नाही.

एक मेलेला नाकतोडा कितीतरी मुंग्या मिळून ओढत होत्या. मुकादम नाही, आरडाओरडा नाही, काम मात्र चाललेलं. "एवढ्या हजारोंत कोण कुणाला तोंडानं ओळखणार?" सर म्हणाले. घरी आले की त्यांच्या बोलण्यात गाव यायचं. "या एकमेकींचं अंग चाटत्यात, पोटातला घास काढून दुसरीच्या तोंडात देत्यात. त्यातनंच सगळ्यांच्या अंगाला एक वास लागतो. वाटंत भेटली की मिशीनं हुंगायचं. वास घरचा, तर ती घरची. न्हाई तर घे चावा. नवी जन्मलेली मुंगी तर बिनवासाचीच असती, घरात राहूनच घरची होती." मी विचारलं, "म्हणजे मी बिनवासाची होय?" म्हणाले, "व्हतीस. आता लई वास मारतीस." असं बोलणं. पण त्या दिवसापासून मला ते घर परकं वाटलं नाही, हे खरं.

पुढं पाटोद्याला बिऱ्हाड केलं. मुंग्यांना साखर-पीठ घालायची आमच्या माहेरची रीत मी तिथंही सुरू केली. कुंपणाजवळ दोन वारुळं होती, मी बरोबर मधोमध पीठ टाकलं, दोन्ही घरांना मिळावं म्हणून. संध्याकाळी बघते तर तिथं मुंग्यांची ही झुंज, मेलेल्यांचा खच. "पुण्य करायला गेलीस अन् भाऊबंदकी लावलीस," सर म्हणाले. तेव्हापासून रोज सकाळी तेच दोन दारांत दोन चिमट्या वेगवेगळ्या घालायचे, आपल्या आईची ती जुनी घोंगडी खांद्यावर टाकून. त्याच वेळी कधीतरी त्यांनी मला सांगितलं होतं, मेलेल्या मुंगीला बाकीच्या लगेच बाहेर टाकत नाहीत. जिवंतपणीचा वास उडून मेल्याचा वास सुटला, की मगच उचलून नेतात. तोवर ती त्यांच्या लेखी जिवंतच.

म्हणून सुतक फिटताना धाकट्या जावेनं घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुवायला काढलं, तेव्हा मी घोंगडी तेवढी दिली नाही. "रीत हाय बाई, धुवावं लागतं," ती म्हणाली. मी म्हटलं, असू दे रीत.

परवा सासरच्या गावी गेले, पहिल्यांदाच एकटी. आम्हाला मूलबाळ नाही, सासूबाई जाऊन वर्षं झाली. ज्यांच्या नात्यानं मी त्या घरची, तेच नाहीत. मग आता मी तिथली कोण, हे एकच एसटीत बसल्यापासून मनात घोळत होतं. आणि दारातच कुत्रं भुंकलं. हे त्या जुन्या कुत्र्याच्या वंशातलं, सरांचं फार लाडकं. मी पिशवीतली घोंगडी काढून अंगावर घेतली. ते जवळ आलं, काठ हुंगला, शेपूट हलवली... आणि मला ओलांडून सरळ रस्त्यावर गेलं. एसटी थांबते त्या वळणाकडं तोंड करून बसलं. ते कुणाची वाट बघत होतं ते मला कळलं.

जाऊ बाहेर आली. मला बघून पुन्हा आत जाऊन तिनं आपलं जेवणाचं ताट आणलं आणि पायरीवर माझ्या शेजारी बसली. "जेवा बाई, माझ्यातच," म्हणाली. मी तिच्या ताटातल्या भाकरीचा तुकडा मोडला. बऱ्याच वेळानं कुत्रं परत आलं, घोंगडीच्या लोळणाऱ्या टोकावर डोकं टेकून पडलं. मीही ते टोक ओढून घेतलं नाही.

घोंगडी अजून धुतलेली नाही.