आत्याची गुडघ्याची पुडी

परवा नांदेडच्या बाजारात कुटलेल्या सुंठीचा वास आला आणि मला लातूरच्या दवाखान्यातली आत्या आठवली. उदगीरच्या एका औषधवाल्याची, सुंठीच्या वासाची गुडघेदुखीची पुडी ती वर्षभर घेत होती. पाय चालू लागले, पण तोंड सुजून गोल झालं.

"झाडपाल्याचं हाय, अपाय न्हाई," ती म्हणायची.

पुड्या संपल्या आणि ती कोसळली. तपासणीत पुडीच्या कागदाला चिकटलेल्या भुकटीत स्टेरॉइड निघालं; ते एकदम बंद झाल्यानंच ती कोसळली होती. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा ती खाटेवरून पुटपुटली, "देवाची आण घेतली होती की रे त्यानं!"

आत्या वाचली, पण हाती आलेली काठी सुटली नाही.

तेव्हा मला तिच्या भोळेपणाचा राग आला होता. आज त्या माणसाची चीड येते. अडुळशाच्या काढ्यानं आम्हा भावंडांचा खोकला घालवणाऱ्या बाईला त्यानं झाडपाल्याच्याच नावानं फसवलं.